हिंसक घरातून बाहेर पडताना: सुरक्षा-आराखडा म्हणजे काय

सासरच्या छळातून एखाद्या विवाहितेचा मृत्यू झाल्याची बातमी आली, की घराघरांत, कट्ट्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत एकच प्रश्न फिरू लागतो: ‘एवढा त्रास होता, तर ती निघून का आली नाही?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कणवच असते. परंतु घर सोडणे म्हणजे पायांत चपला सरकवून दार ओढून घेणे, असे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हिंसक नात्यातून बाहेर पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि या साऱ्या काळातला सर्वांत जोखमीचा टप्पा बहुतेक वेळा नेमका उंबरठ्यावर येतो. या क्षेत्रात काम करणाऱ्या अनुभवी समुपदेशक म्हणूनच ‘आज रात्रीच नीघ’ असे सहसा सांगत नाहीत. त्या आधी तिच्याबरोबर बसून एक आराखडा तयार करतात. तो कसा असतो, त्याला कायद्याचा आधार कोठे मिळतो आणि त्याविषयी घेतले जाणारे आक्षेप कितपत खरे आहेत, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

जिच्यावर या क्षणी हात उगारला जात आहे, तिने लेख बाजूला ठेवून ११२ क्रमांकावर फोन करावा. सल्ला किंवा निवारा हवा असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते. जिच्याजवळ विचार करायला थोडा अवधी आहे तिच्यासाठी, आणि तिच्या जवळच्या माणसांसाठी, मुळापासून सुरुवात करू.

हिंसा कशाला म्हणायचे

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ हा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. चौथ्या प्रकाराकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. तिच्या पगाराचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असणे, दागिने ‘सांभाळायला’ म्हणून सासूच्या कपाटात जाणे, किराण्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला जाणे, नोकरी सोडायला लावणे, यांपैकी कशानेही अंगावर वळ उठत नाही. पण बाहेर पडायला निदान एसटीच्या तिकिटाचे पैसे लागतात आणि तेवढेही तिच्या हाती राहू नयेत, अशी व्यवस्था यातून होत जाते. हा कायदा केवळ लग्नाच्या पत्नीपुरता नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, तसेच त्याच घरातील आई, बहीण किंवा विधवा वहिनी यांनाही तो लागू होतो.

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी ही गोष्ट कधी कोणाजवळ उघडही केली नव्हती. ‘दिल्या घरी सुखी राहा’ या आशीर्वादाचे ओझे किती असते, ते या दुसऱ्या आकड्यावरून कळते. ‘ती निघून का आली नाही’ असे विचारणाऱ्याने, तिने त्याआधी कोणाला काही सांगितले होते का आणि ऐकणाऱ्याने तेव्हा काय उत्तर दिले, हेही विचारायला हवे.

उंबरठ्यावर धोका का वाढतो

घरातील हिंसा बहुतेक वेळा केवळ रागाच्या भरात होत नसते. कचेरीत साहेबावर संतापलेला माणूस साहेबाला मारत नाही. तो राग गिळतो आणि घरी येऊन हात उगारतो. म्हणजे राग आवरणे त्याला जमते, मात्र घरात तो आवरण्याची गरज त्याला वाटत नाही. अशा हिंसेच्या मुळाशी ताबा असतो: ती कोठे जाते, कोणाशी बोलते, किती खर्च करते, यावरचा ताबा. ती निघून जाणार असे कळले, की तो ताबा हातून सुटतोय हे त्याच्या लक्षात येते आणि तो परत मिळवण्यासाठी पूर्वी न केलेली गोष्ट करण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅकलीन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात धोका मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ११ शहरांत जोडीदाराकडून झालेल्या स्त्रियांच्या हत्यांचा अभ्यास केला, आणि एकत्र राहिल्यानंतर जोडीदारापासून वेगळे होणे, त्यातही जोडीदार अतिशय ताबा गाजवणारा असताना वेगळे होणे, हा हत्येची जोखीम वाढवणारा घटक असल्याचे त्यांना आढळले.

या संशोधनातील एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी, ती म्हणजे गळा दाबणे. ज्या स्त्रीचा जोडीदाराने पूर्वी कधी गळा दाबला होता, तिची पुढे त्याच्याच हातून हत्या होण्याची शक्यता सात पटींहून अधिक आढळली. गळ्यावर कोणतीही खूण दिसत नसली तरी आवाज बसणे, गिळताना दुखणे किंवा चक्कर येणे असे काही होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात गेले पाहिजे. इतर खुणाही आहेत: मारहाणीची वारंवारता किंवा तीव्रता वाढत जाणे, ठार मारण्याची धमकी, ‘तू गेलीस तर मी स्वतःला संपवीन’ असे म्हणणे, घरात हत्यार असणे, गरोदरपणातील मारहाण, सतत पाळत ठेवणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर तयारीला उशीर करू नये.

कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. नदीकाठची माणसे ४३ ची वाट पाहत बसत नाहीत. पाणी ३९ च्या आसपास आले, की जनावरे हलवली जातात, धान्याची पोती माळ्यावर चढतात, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली जातात आणि कोणत्या पाहुण्यांकडे जायचे ते ठरते. सुरक्षा-आराखडा म्हणजे घरातील हिंसेसाठी केलेली हीच तयारी होय. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. नदी कोणाची पिशवी उघडून पाहत नाही. या पाण्याला मात्र डोळे असतात. पुराची तयारी हाका मारून करता येते, ही तयारी गुपचूप करावी लागते.

कायद्याच्या नियमांतला तक्ता

हा आराखडा कोण्या संस्थेने काढलेली टूम आहे, असा गैरसमज नसावा. वरील कायद्याचे नियम २००६ साली झाले आणि त्यांना जोडलेला नमुना क्रमांक ५ हा सुरक्षा-आराखड्याचाच आहे. न्यायालयात अर्ज होतो तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, तिच्याशी चर्चा करून तो भरायचा असतो. त्यात झालेली हिंसा, तिचे परिणाम, सुरक्षिततेसाठी आवश्यक उपाय आणि न्यायालयाकडे मागायचे आदेश यांचे रकाने आहेत. पण मला महत्त्वाचा वाटतो तो तिला पुढे कशाची भीती वाटते हा रकाना. नवरा कोणत्या दिवशी दारू पितो, कोणत्या नातेवाइकाचे ऐकतो, मुलांना हत्यार म्हणून कसा वापरतो, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आराखडा तिचाच असावा लागतो; बाकीच्यांनी फक्त लिहायला आणि आठवायला मदत करायची.

संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पसरला. पोलिसांच्या आवारात असूनही तेथे समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या भेटतात. अनेक शहरांत पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे महिला व मुलांच्या मदतीसाठीचा कक्ष, आहे. केंद्र सरकारच्या योजनेतील ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय व कायदेशीर मदत आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र २००० च्या सुमारास सुरू झाले, त्यामागचा विचार साधा होता: ज्या स्त्रीला पोलीस ठाण्यात जाऊ दिले जात नाही, तिला दवाखान्यात मात्र जाऊ दिले जाते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

अजून घरातच असताना

आराखड्याचा पहिला भाग निघण्याविषयी नसतोच. अनेक स्त्रियांना काही काळ त्याच घरात राहावे लागते, आणि काही जणी राहण्याचाच निर्णय घेतात. त्यांच्यासाठीही आराखडा असतो. वाद चढू लागला, की स्वयंपाकघरातून बाहेर यावे, कारण तेथे सुरी, गरम तेल आणि गॅस असतो. न्हाणीघरात कोंडून घेऊ नये, कारण तेथून दुसरी वाट नसते. दाराजवळच्या खोलीत सरकावे. विश्वासातल्या शेजारणीशी एखादी खूण ठरवून ठेवावी. ‘विरजण संपलंय, थोडं मिळेल का?’ एवढे वाक्य फोनवर किंवा खिडकीतून ऐकू आले, की तिने ११२ ला फोन करायचा, स्वतः मध्ये पडायचे नाही. खुणेचा शब्द असा असावा, की तो त्या घरात रोज बोलला गेला तरी नवल वाटू नये, पण ती तो एरवी वापरत नाही.

मुलांना भांडणात मध्ये न पडता कोठे जाऊन थांबायचे आणि ११२ किंवा १०९८ या बालकांच्या क्रमांकावर काय बोलायचे, ते शिकवावे. निघण्याचा बेत मात्र लहान मुलांना आधी सांगू नये. मूल खोटे बोलत नाही, आणि वडिलांनी प्रेमाने विचारले तर सांगून टाकते. त्या गुपिताचे ओझे त्याच्यावर टाकणेही बरोबर नाही.

दवाखान्यातील कागद पुढे फार उपयोगी पडतो, आणि आपल्याकडे तो बहुधा वाया जातो. ‘पाय घसरून पडले’ असे सांगितले, की केस पेपरवर तेच लिहिले जाते आणि दोन वर्षांनी न्यायालयात तोच कागद तिच्या विरोधात उभा राहतो. शक्य असेल तेव्हा डॉक्टरांना एकट्याने भेटून खरे कारण सांगावे आणि ते लिहून घ्यायला सांगावे. सोबत नवरा असेल, तर तपासणीच्या खोलीत त्याला बाहेर थांबवण्याची विनंती परिचारिकेला करता येते.

पिशवी, कागद आणि पैसा

निघताना काय न्यायचे, याची यादी पाश्चात्त्य पुस्तिकांमध्ये तयार मिळते, पण आपल्याकडचे कागद वेगळे असतात. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिकेची प्रत, लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र, ते नसेल तर लग्नपत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले व लसीकरणाची पुस्तिका, शाळेची प्रगतिपुस्तके, स्वतःच्या शिक्षणाची प्रमाणपत्रे, बँकेचे पासबुक, विम्याची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दवाखान्याचे केस पेपर. मूळ कागद एका दिवसात कपाटातून नाहीसे झाले तर संशय येतो. म्हणून आधी प्रती किंवा फोटो काढून ते विश्वासातल्या व्यक्तीकडे पाठवावेत, आपल्या फोनमधून पुसावेत, आणि मूळ कागद एकेक करून हलवावेत. पिशवी घरात न ठेवता मैत्रिणीकडे, कामाच्या ठिकाणी किंवा बचत गटातल्या एखाद्या ताईकडे ठेवलेली बरी. कागद मिळालेच नाहीत, तरी त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालून परत जाऊ नये. बहुतेक सरकारी दाखल्यांची दुसरी प्रत निघते.

स्वतःच्या नावाचे, संयुक्त नसलेले बँक खाते असावे, शक्यतो नवऱ्याचे खाते नाही अशा बँकेत किंवा पोस्टात. खाते कोणाचे, एवढेच पाहून चालत नाही. त्याचा एसएमएस कोणाच्या मोबाइलवर जातो, हे तितकेच महत्त्वाचे. राज्यात २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये लाखो स्त्रियांच्या आधारशी जोडलेल्या खात्यांत जमा होऊ लागले. ती रक्कम नेमक्या कोणत्या बँकेत येते आणि त्या खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, हे अनेकींना सांगता येत नाही. बँकेत जाऊन एकदा एवढी चौकशी करणे, हीदेखील सुरक्षा-आराखड्यातली एक पायरी आहे. क्रमांक बदलल्याने जुन्या क्रमांकावर संदेश जाऊन बेत उघड होईल असे वाटत असेल, तर तो बदल निघाल्यानंतरच करावा.

दागिन्यांविषयी थोडे. स्त्रीधन, म्हणजे लग्नात व लग्नानंतर तिला मिळालेले दागिने, पैसे आणि वस्तू, हे तिच्या एकटीच्या मालकीचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ते परत देण्याचा आदेश वरील कायद्याखालीही मागता येतो. त्यामुळे सासूच्या कपाटाची किल्ली मिळवण्याच्या धडपडीत न पडता, दागिने घातलेले फोटो आणि सराफाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

खिशातला पहारेकरी

पूर्वी पाळत ठेवायला माणूस लागायचा, आता फोन पुरतो. गुगल मॅप्समधून ठावठिकाणा सतत दिसत राहू शकतो. व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्रावर जोडलेले असेल तर प्रत्येक संदेश तेथे वाचता येतो. टॅक्सीच्या ॲपमध्ये, यूपीआयमध्ये आणि रेल्वेच्या तिकीट खात्यात प्रत्येक प्रवासाची नोंद राहते. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर टोलनाका ओलांडताच फास्टॅगचा संदेश त्याच्याकडे जातो. यावरचा पहिला सल्ला उलटा वाटेल: हे सर्व लगेच बंद करू नये. रोज दिसणारा ठावठिकाणा अचानक दिसेनासा झाला, तर तोच इशारा ठरतो. फोन जसा चालतो तसा चालू द्यावा आणि बेताविषयीचे बोलणे मैत्रिणीच्या, शाळेतल्या शिक्षिकेच्या किंवा दवाखान्यातल्या फोनवरून करावे. निघताना रिक्षा रस्त्यावरून धरावी आणि पैसे रोख द्यावेत. ठिकाणी पोहोचल्यावर नवे सिमकार्ड घ्यावे, ईमेलचे व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत आणि जुना फोन बंद करून जपून ठेवावा, कारण त्यातले धमक्यांचे संदेश हा पुरावा असतो.

निघण्याचा दिवस

तो दिवस बाहेरून इतर दिवसांसारखाच दिसला पाहिजे. नवरा घरी नसण्याची आणि लवकर न परतण्याची वेळ निवडावी. भांडणाच्या भरात ‘मी चालले’ असे सांगून निघू नये, आणि जाण्याच्या ठिकाणाचा मागमूस असलेली चिठ्ठी मागे ठेवू नये. मुले आई-वडिलांपैकी ज्याच्याकडे राहतात, त्याच्याकडेच ती राहू द्यावीत असा न्यायालयांचा कल पुष्कळदा दिसतो. म्हणून सुरक्षितपणे शक्य असेल, तर मुलांना मागाहून आणण्याचा विचार न करता बरोबरच न्यावे.

कोठे जायचे, हा प्रश्न माहेर या शब्दापाशी संपतो असे आपण समजतो. माहेरचा आधार मोठाच. पण नवरा तिला शोधायला सर्वांत आधी तेथेच येणार, आणि पुष्कळ माहेरे दोन दिवसांनी समजूत घालून परत पाठवतात. म्हणून दुसरा पत्ता हाताशी असावा: त्याला माहीत नसलेली मैत्रीण, सखी केंद्र, किंवा दीर्घ काळासाठी शक्ती सदन हे सरकारी निवासगृह. निवारागृहाने व दवाखान्याने अशा स्त्रीला मदत नाकारू नये, असे कायदा सांगतो.

ती गेल्यावर सासरचे लोक पोलिसांत ‘हरवल्याची’ तक्रार देतात, हे ठरलेले असते. त्याने घाबरून जाऊ नये. पोहोचल्यावर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावे, की मी सज्ञान असून स्वतःच्या इच्छेने आले आहे, मला धोका आहे आणि माझा पत्ता कोणालाही सांगू नये. त्या अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.

परदेशी गेलेल्या मराठी मुलींच्या बाबतीत पासपोर्ट व व्हिसा बहुधा नवऱ्याच्या कपाटात असतो. त्यांच्या पानांचे फोटो माहेरी पाठवून ठेवणे आणि तिथला आणीबाणीचा क्रमांक, अमेरिकेत ९११ आणि ब्रिटनमध्ये ९९९, पाठ असणे, एवढे तरी विमानात बसण्याआधीच व्हावे. पासपोर्ट हरवला किंवा अडकवून ठेवला, तर भारतीय दूतावासाकडे दाद मागता येते.

निघाल्यानंतर

निघाल्यावर धोका लगेच ओसरत नाही, म्हणून आराखड्याचा शेवटचा भाग पुढच्या काही महिन्यांचा असतो. कामावर जाण्याची वेळ व रस्ता बदलावा, मुलांना शाळेतून कोणी नेऊ शकते हे शाळेला लेखी द्यावे, आणि ‘शेवटचे एकदा भेटू, बोलू’ या निरोपाला एकटीने जाऊ नये. भेटायचेच असेल तर विशेष कक्षात किंवा वकिलाच्या कार्यालयात भेटावे.

कायद्याची मदत येथे सुरू होते. संरक्षण अधिकारी ‘घरगुती घटना अहवाल’ म्हणजे घडलेल्या हिंसेची अधिकृत नोंद तयार करतो. स्त्री सध्या तात्पुरती जेथे राहत आहे तेथील दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. तारखांसाठी सासरच्या गावी जाण्याची सक्ती नाही. संरक्षण, निवास, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा असे आदेश एकाच अर्जात मागता येतात, आणि गरज पटली तर न्यायालय समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देऊ शकते. पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत व्हावी आणि त्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयांतील वास्तव याहून पुष्कळ संथ आहे, हे मान्य करूनच खर्चाची तरतूद करावी. संरक्षण आदेश मोडणे हा मात्र स्वतंत्र, दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रत पर्समध्ये, शाळेत आणि पोलीस ठाण्यात असावी.

‘घर सोडले तर हक्क जातो ना?’

ही भीती इतकी खोल रुजलेली आहे, की तिच्यापोटी अनेक जणी मार खात राहतात. हा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंद्र आहुजा खटल्यात सांगितले, की घर सासऱ्याच्या नावावर असले तरी, ती तेथे कुटुंबाचा भाग म्हणून स्थिरपणे राहत असेल, तर तिला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो. २०२२ सालच्या प्रभा त्यागी खटल्यात, अर्ज करताना ती त्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असे नाही, हेही स्पष्ट झाले. पोटगीच्या कायद्यात पुरेशा कारणाशिवाय वेगळे राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारता येते, हे खरे. पण हिंसा हे पुरेसे कारण असते, आणि ते दाखवण्यासाठीच केस पेपर, फोटो, संदेश जपायचे असतात.

‘मुलांना नेणे म्हणजे पळवणे नव्हे का?’

वडिलांप्रमाणे आईही मुलांची नैसर्गिक पालक असते आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे हिंदू पालकत्व कायदा म्हणतो. ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश आधीच झालेला असेल, तर मात्र निघण्यापूर्वी वकिलाशी बोलणे अनिवार्य आहे. मुले कोठे व कशी आहेत, ती कोणत्या शाळेत जातात, याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.

‘खोट्या तक्रारींचे काय? आणि पुरुषांचे?’

खोट्या तक्रारी होत नाहीत असे कोणी म्हणू नये. सरसकट अटकेला आळा घालणारे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात दिलेले आहेत. पण सुरक्षा-आराखड्याला तक्रार लागतच नाही. कागदांच्या प्रती काढणे, शेजारणीशी खूण ठरवणे, वेगळे खाते उघडणे, यांत कोणावर आरोप होत नाही आणि कोणाला अटकही होत नाही. भीती अनाठायी ठरली, तर एक पिशवी परत रिकामी करावी लागेल, एवढेच. पुरुषांनाही घरात मारहाण होते. २००५ चा कायदा त्यांच्यासाठी नाही, परंतु मारहाणीविषयीचे सर्वसाधारण कायदे आणि ११२ हा क्रमांक सर्वांसाठी आहे, आणि आराखड्याची पद्धतही तीच आहे.

‘एकदा बैठक बसवून मिटवायला काय हरकत आहे?’

दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसवून समेट घडवण्याची आपली रीत पुष्कळ भांडणांत उपयोगी पडते. हिंसेच्या बाबतीत ती घातक ठरू शकते, कारण ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर बसून तिला खरे बोलायला सांगितले जाते, आणि रात्री त्याच्याबरोबर त्याच घरी पाठवले जाते. त्यातच तिचा निघण्याचा विचार उघड झाला, तर सगळी तयारी एका संध्याकाळी संपते. मध्यस्थी करायचीच असेल, तर तिला आधी एकटीला विचारावे, ती नको म्हणाली तर बैठक बसवू नये, आणि बैठकीनंतर ती कोठे झोपणार हे आधी ठरवावे.

जवळच्या माणसांचे काम फार थोडे असते आणि ते नीट करावे लागते. तिने ठेवायला दिलेली पिशवी उघडून पाहू नये, तिच्याविषयी गटात लिहू नये, ती दोनदा परत गेली म्हणून तिसऱ्या वेळी दार बंद करू नये. ज्याला हिंसेची खात्रीलायक कल्पना आहे असा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि हेतू प्रामाणिक असेल तर त्याच्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. मात्र तिला न विचारता कळवल्याने घरातला धोका वाढू शकतो, म्हणून जीवावरचा प्रसंग नसेल तर आधी तिच्याशी बोलावे. तिचा फोन मध्येच तुटला, तर लगेच उलट फोन करू नये, कारण तो कोणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. किती मिनिटे वाट पाहायची, हे तिच्याशी आधी ठरवलेले असावे. तेवढा वेळ गेला की ११२ ला तिचा पत्ता सांगावा, आणि तो पत्ता इमारत, मजला व जवळची खूण यांसह आपल्याकडे आधीपासून लिहून ठेवलेला असावा.